खारवट मातीत पुदिना-कोथिंबीर: शेजारी घोळ लावून खरंच फरक पडतो का?

ओलीमाती

मंडळी, वाफा एक मीटर रुंद, तीन मीटर लांब. माती खारवट आहे हे कळायला मला दोन हंगाम लागले. पहिल्या वर्षी वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वाढवलं. दुसऱ्या वर्षी वाटलं जास्त होतंय, म्हणून तोडलं. दोन्ही वर्षी पुदिन्याची जुनी पानं कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत झाली आणि ऊन चढलं की माती ओली असूनही झाड मान टाकायचं. वरचा थर वाळला की पांढरी साय धरते. जीभ लावून पाहिली (हो, पाहिली). खारट. धणे पाच टाकले तर एक उगवतो, तोही रुसल्यासारखा. त्याच वाफ्याच्या टोकाला रोझमेरी मात्र जणू काही झालंच नाही अशी उभी आहे.

आता असं वाचलं की मीठ सोसणाऱ्या वनस्पती शेजारी लावल्या की त्या मीठ ओढून घेतात आणि नाजूक झाडं तगतात. घोळ, सेसुवियम, चंदन बटवा अशी नावं होती. यातली घोळ माझ्याकडे आपोआप उगवतेच. कोणी मुद्दाम असं लावून पाहिलंय का? घोळ किती अंतरावर लावायची, केव्हा काढायची? आणि मुळात हे खरं आहे का?

रिकामा_वेळ

आधीच मातीत घोळ, त्यात तुम्ही आणखी घोळ लावणार. (ह. घ्या.)

कुंडीवाली

वाचतेय. माझ्या कुंड्यांच्या काठावरही पांढरं धरतं, म्हणजे माझंही हेच असणार.

पाटकरी

ओलीमाती, घोळीकडे नंतर येऊ. आधी रोग कोणता ते ठरवा, कारण 'खराब माती' या नावाखाली दोन वेगळी दुखणी नांदतात.

एक खारवट. यात विरघळणारे क्षार जास्त असतात. माती दिसायला भुसभुशीत, पाणी मुरतं, वर पांढरं फूल येतं. मुळाबाहेरचं पाणी इतकं खारं होतं की मुळाला ते आत ओढताना दम लागतो. म्हणून ओल्या मातीतही झाड सुकतं. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. दुसरी चोपण. यात मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. भिजली की चिकट गारा, वाळली की दगड, आणि पाणी वरच तळ्यासारखं साचून राहतं. अमेरिकेतल्या क्षार-प्रयोगशाळेने १९५४ साली काढलेल्या पुस्तिकेतली मोजमापं अजून बऱ्याच ठिकाणी चालतात: पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की खारवट. कणांना चिकटलेला, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असला की चोपण, आणि तिचा सामू (पीएच) सहसा ८.५ च्या पुढे असतो.

घरी करता येईल अशी खूण सांगतो. सुकलेलं, बोराएवढं ढेकूळ पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. दोन तासांनी भोवती दुधासारखा ढग पसरला असेल तर सोडियमची भानगड आहे. नुसतं ढासळून तळाशी बसलं आणि पाणी निवळ राहिलं तर बहुधा फक्त खारवट. बहुधा म्हणतो, कारण दोन्ही दुखणी एकत्र असली की मीठच कणांना धरून ठेवतं आणि ढग दिसत नाही. मीठ धुतलं की मग माती आपला खरा रंग दाखवते.

कुंडीवाली

पाटकरी, मग माझ्या कुंडीचं काय?

पाटकरी

कुंडीवाली, त्या पांढऱ्यावर दोन थेंब व्हिनेगर टाका. फसफसलं तर तो चुना आहे, पाण्याच्या जडपणातून आलेला. तसा निरुपद्रवी. फसफसलं नाही आणि पाण्यात लगेच विरघळलं तर मीठ.

कुंडीवाली

फसफसलं! दोन वर्षं मी त्या कुंड्यांना 'खारट' म्हणून हिणवत होते. :(

पण एक कबुली देते. एका कुंडीत फसफसलं नाही. तिला मी पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं पाणी घालत होते. वाटलं, मऊ पाणी झाडाला बरं.

पाटकरी

ते यंत्र कॅल्शियम काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं. न्हाणीघरासाठी उत्तम, झाडासाठी विष. आजपासून बंद.

सुरवंट

मूळ प्रश्नाकडे. मी टोमॅटोच्या ओळींमध्ये घोळ लावून पाहिली आहे आणि माझ्या मते फरक पडतो. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. टोमॅटोसोबत घोळ लावण्याचे प्रयोग प्रयोगशाळांतही झालेत. ट्युनिशियातल्या संशोधकांनी खारट मातीत सेसुवियम आणि सुएडा वाढवून, पाण्याने न धुता, मुळांभोवतीचं मीठ किती उतरतं ते मोजलंय. या वनस्पती सोडियम पेशीतल्या मोठ्या पोकळीत कोंडून ठेवतात. म्हणून तर त्यांची पानं जाड, रसाळ. चाखून पाहा, मीठ वरून घालावं लागत नाही.

एक अट पाळायची. कापलेली घोळ त्याच वाफ्यावर टाकायची नाही, त्याच वाफ्याच्या खतातही नाही. नाहीतर मीठ फिरून जागेवर.

खुरपं

+१. आणि घोळ उपटून वाफ्यावर टाकली तर मीठ परत जायचं बाजूलाच राहतं, ती स्वतःच पुन्हा रुजते. मी उपटून टाकलेली घोळ तिसऱ्या दिवशी मान वर करून माझ्याकडे बघत होती.

हिशेबी

सुरवंट, रागावू नका, पण मी जरा आकडे मांडतो.

एक चौरस मीटर वाफा, मुळांची खोली ३० सेंटीमीटर. माती झाली साधारण ४०० किलो. ती पूर्ण भिजवली तर सुमारे १८० लिटर पाणी धरेल. ईसी ६ असेल तर त्या पाण्यात लिटरमागे ३.८ ग्रॅमच्या आसपास क्षार. म्हणजे एका चौरस मीटरात जवळजवळ ७०० ग्रॅम.

आता चांगली मीठखाऊ वनस्पती घ्या. चौरस मीटरला वर्षभरात अर्धा किलो वाळलेलं वजन, त्याचा पाव हिस्सा मीठ असं उदार मनाने धरा. निघालं १२५ ग्रॅम. घोळीचं त्याहून कमीच.

आता तुमचं पाणी. त्याची ईसी १ धरा, म्हणजे लिटरला ०.६४ ग्रॅम. रोज चौरस मीटरला ५ लिटर घातलं तर ३.२ ग्रॅम. चाळीस दिवसांत १२८ ग्रॅम.

वनस्पतीने वर्षभर राबून जे बाहेर काढलं ते झारीने चाळीस दिवसांत परत आत आणलं. आता सांगा, कोण कोणाचा शेजारी.

रिकामा_वेळ

हा प्रतिसाद वाचून माझी घोळ सुकली.

सुरवंट

हिशेबी, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण तुम्ही मीठ सगळीकडे सारखं पसरलंय असं धरलंत. तसं ते कधीच नसतं. सगळा तमाशा वरच्या दोन-चार सेंटीमीटरमध्ये चालतो, आणि धणे नेमके तिथेच पडतात. कोंब फुटण्याच्या वेळी रोप सगळ्यात हळवं असतं. त्या थरातून थोडं कमी झालं तरी उगवण सुधारते. माझे टोमॅटो तुमच्या सरासरीत जगत नाहीत.

हिशेबी

मान्य, वरच्या थराचा मुद्दा खरा आहे. पण मग मला सांगा, वरच्या थरातलं मीठ कमी झालं ते घोळीने पिऊन टाकलं म्हणून, की घोळीने जमीन झाकली म्हणून? उघड्या जमिनीतून पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उडून जातं आणि मीठ वर ठेवून जातं. ती पांढरी साय म्हणजे दुसरं काही नाही. घोळ पसरली की ऊन मातीला लागत नाही, साय धरत नाही. हेच काम वाळलं गवतही करेल.

सुरवंट

गवत मीठ बाहेर काढत नाही.

हिशेबी

घोळही फारसं काढत नाही, हेच तर मघाशी मांडलं.

आभाळमाया

दोघांना एकेक पेला ताक द्या कोणीतरी. खारट नको.

सावलीतला

'मीठ सोसणारी' एवढंच बघून शेजारी निवडू नका, हे अनुभवाचे बोल. मी कुंपणाला झाऊ लावला. खारवट जमिनीत छान येतो असं कळलं होतं, आणि आलाही. पण झाऊ मीठ साठवत नाही, पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. सकाळी फांद्यांवर बारीक पांढरे कण दिसायचे, मला आधी कीड वाटली. दंव पडलं, पानं गळली की ते सगळं खाली. खोलवरचं मीठ वर आणून माझ्या थाईमच्या डोक्यावर ओतायचं काम तो विनातक्रार करत होता. थाईम गेला, झाऊ आहे.

तेव्हा साठवणारी वनस्पती निवडा: सेसुवियम, सुएडा, सॅलिकॉर्निया, घोळ. टाकून देणारी नको. चंदन बटवा आणि त्याची सख्खी भावंडं पानांवरच्या बारीक फुग्यांत मीठ भरतात. तीही पानं गळायच्या आत कापून न्यावी लागतात.

खुरपं

हे माहीत नव्हतं. दंडवत.

आभाळमाया

अवांतर: रोझमेरी का टिकली याचं उत्तर तिच्या नावातच आहे म्हणतात. लॅटिनमध्ये 'रोस मारिनुस', समुद्राचं दंव. समुद्रकाठच्या खडकांवर खारा वारा खात वाढणारं झाड ते. तुमच्या वाफ्याला ती माहेर समजत असेल.

पाटकरी

अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. सगळ्यांना एका वाफ्यात कोंबायचा हट्ट कशाला? कोणाला किती सोसतं ते बघा. मास आणि हॉफमन या संशोधकांनी १९७७ मध्ये पिकांची सहनशक्ती मांडली. किती ईसीपर्यंत उत्पन्न घटत नाही, तो आकडा. ती यादी पुढे वाढत गेली. त्यातले काही आकडे: घेवडा आणि स्ट्रॉबेरी १.०, कांदा १.२, टोमॅटो २.५, बीट ४.०, घोळ ६.३, बार्ली ८.०. कांद्याची भावंडं म्हणून चाइव्हजकडूनही फार अपेक्षा नको.

सुगंधी मंडळींचा माझा स्वतःचा क्रम असा. वाळा सगळ्यात चिवट. त्यानंतर रोझमेरी, कॅमोमाईल, गवती चहा. थाईम आणि शेपू मध्ये कुठेतरी. पुदिना आणि कोथिंबीर हळवी. पुदिन्याची मुळं उथळ, म्हणजे सगळा मार त्याच्यावर. त्याला त्या वाफ्यातून काढून चांगल्या मातीच्या कुंडीत न्या आणि सुटका करा त्याची.

आणि ज्याने खरोखर मीठ जातं ते पाणी, बाकी सगळे मदतनीस. चौरस मीटरला १५० लिटर, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीचं पाणी खाली निचरून गेलं तर वरच्या ३० सेंटीमीटरमधले क्षार साधारण निम्मे होतात. दुप्पट दिलंत तर ८० टक्क्यांच्या आसपास जातात. एकदम तुंबवून देऊ नका. थोडं द्या, मुरू द्या, एक दिवस थांबा, पुन्हा द्या. कमी पाण्यात जास्त धुतलं जातं. अट एकच, खाली वाट हवी. हातभर खड्डा खणून बघा. तळाला पाणी लागलं तर वरून कितीही ओता, मीठ खाली जाईल आणि आठवड्यात परत वर येईल.

कुंडीवाली

जिप्सम टाकू का? सगळे जिप्सम म्हणतात.

पाटकरी

चोपण असेल तर हो. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलतो, मग तो पाण्याबरोबर वाहून जातो. नुसत्या खारवट मातीत जिप्सम म्हणजे मिठात आणखी एक मीठ. कोंबडीखत आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिक खतही तिथे नको, दोन्ही ईसी चढवतात.

रिकामा_वेळ

एक शंका. 'क्षारपड', 'खारवट', 'चोपण', 'खारी'... माझ्या वाफ्याला नक्की कुठल्या नावाने हाक मारू?

खुरपं

चोपण हा शब्द कसला नेमका आहे, ओल्या मातीतून पाय ओढताना तळव्याला जे होतं ना, तेच त्या शब्दात ऐकू येतं. बाकी चालू द्या.

आणि हो, सरीला पाणी देत असाल तर एक लक्षात ठेवा. पाणी दोन्ही बाजूंनी वरंब्यात शिरतं आणि मीठ ढकलत माथ्यावर नेऊन ठेवतं. आपण नेमकं माथ्यावरच रोप लावतो. उतारावर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावा. एवढ्याने माझी कोथिंबीर उगवायला लागली, घोळ नाही की गवत नाही.

ओलीमाती

बापरे, इतकं सगळं! सर्वांचे आभार. ढेकूळ पाण्यात सोडलं, पाणी निवळ राहिलं. खड्डा खणला, तळ कोरडा. म्हणजे धुता येईल. वाफ्याचे तीन तुकडे करते: एकात घोळ, एकात वाळलं गवत, एक उघडा. तिन्ही सारखेच धुवून तिन्हीत धणे. सुरवंट आणि हिशेबी, तोवर भांडू नका.

सुरवंट

भांडतंय कोण?

हिशेबी

वाट बघतो. कापलेल्या घोळीचं वजन करा मात्र.

ओलीमाती

चार महिन्यांनी परत आले. धागा वर काढतेय, क्षमस्व.

धुण्यासाठी मी आठवडाभर एकाआड एक दिवस पाणी दिलं. पाटकरींच्या सांगण्याप्रमाणे थोडं थोडं. त्यानंतर तिन्ही तुकड्यांत धणे उगवले, उघड्यावरसुद्धा. म्हणजे पहिलं श्रेय पाण्याचं.

फरक तिथून पुढे. उघड्या तुकड्यावर तिसऱ्या आठवड्यात साय परत आली. आधी ढेकळांच्या टोकांवर, मीठ भुरभुरल्यासारखी, मग सगळीकडे. तिथली कोथिंबीर बोटभर होऊन थांबली, कडा पिवळ्या. गवताखाली साय अजून नाही. गवत उचललं की माती काळी, गार, गांडूळसुद्धा दिसलं एक. तिथली कोथिंबीर सगळ्यात चांगली.

घोळीच्या तुकड्यातही साय नाही. पण दाट भागात घोळ कोथिंबिरीवर चढली आणि तिला दाबून टाकलं. जिथे वीतभर अंतर राखलं आणि दर दहा दिवसांनी कात्री चालवली तिथे कोथिंबीर गवताखालच्या इतकीच.

हिशेबी, वजन केलं. एक चौरस मीटरमधून चार वेळा कापून मिळून ४ किलो ओली घोळ. वाळवली तर ३०० ग्रॅम भरली. नुसतं पाणीच असते हो ती.

हिशेबी

३०० ग्रॅममध्ये फार तर ४०-५० ग्रॅम मीठ. म्हणजे तुमच्या दोन आठवड्यांच्या झारीतलं. माझं म्हणणं आलं.

सुरवंट

आणि साय धरली नाही, माझंही आलं. शिवाय गवत कुठून तरी आणावं लागतं, घोळ फुकट उगवते.

हिशेबी

शेजारीण म्हणून चालेल, वैद्य म्हणून नको. यावर सही करतो.

पाटकरी

ओलीमाती, आता पुढच्या पावसाआधी वाफ्याला थोडा उतार द्या आणि निचऱ्याची चर काढा. पावसाच्या पाण्यात मीठ जवळजवळ नसतंच. तो जे धुवेल ते तुमची झारी वर्षभरात धुणार नाही. तोवर घोळ कडेकडेने आणि मध्ये गवत, असं दोन्ही ठेवा. पुदिना कुंडीत हलवलात का?

ओलीमाती

हलवला. नवी पानं अगदी कडेपर्यंत हिरवी आहेत, रोज बोट फिरवून बघते. एकच अडचण आहे. शेवटची कापणी आठ दिवस लांबली आणि घोळीची बोंडं फुटली. काळं, खसखशीहून बारीक बी वाफाभर सांडलंय.

खुरपं

एका झाडाचं बी हजारांत असतं आणि वर्षानुवर्षं मातीत दम धरून बसतं. त्या तुकड्यावर आत्ताच गवत जाड अंथरा, उजेड मिळाला नाही की फार उगवणार नाही. पुढच्या वेळी फूल दिसलं की कात्री.

रिकामा_वेळ

पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं मी.